चेहऱ्याची नस ‘मुळापासून बरी’ करणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या ताईला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा आजार आहे. गालातून, जबड्यातून विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं. दात घासताना, बोलताना, नुसता पंख्याचा वारा लागला तरी. घास तोंडाशी नेऊन ती तशीच थांबून राहायची. साध्या वेदनाशामक गोळ्या यावर चालत नाहीत. अनेकांचे चांगले दातही यापायी उपटले जातात, कारण कळ दातातूनच येते असं वाटतं.

न्यूरॉलॉजिस्टनी कार्बामाझेपिन दिलं होतं. आराम होता, पण चक्कर आणि झोप फार. तेवढ्यात ओळखीतून नसांचा तज्ज्ञ म्हणवणारा एक जण कळला. कानामागे दाबून तो म्हणाला, नस अडकली आहे, माझ्या कोर्सने मुळापासून जाईल. पैसे सगळे आगाऊ, रोख, पावती नाही. कागदाच्या पुड्यांत राखाडी चूर्ण, त्यांवर पेनाने फक्त ‘सकाळ’ आणि ‘रात्र’. घटक विचारले तर म्हणाला, ते घराण्याचं आहे. आणि अट एकच: डॉक्टरांच्या गोळ्या आजपासून बंद. हे औषध असं एकदम तोडलं तर कळ उसळू शकते, फिटही येऊ शकते, हे त्याने सांगितलं नाही.

सुरुवातीला खरंच कळ थांबली. ताई रडली आनंदाने. त्याने लगेच मोबाइल काढून तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं.

या आजाराची खरी मेख इथे आहे. तो मधूनच आपणहून थांबतो, काहींना महिनोन् महिने, आणि मग परत येतो. त्या काळात जे काही चालू असेल, त्यालाच श्रेय मिळतं. ताईची कळ परतली ती आधीपेक्षा वाईट. तो म्हणाला, विष बाहेर पडतंय, दुसरा कोर्स घ्या. आम्ही पैसे परत मागितले तेव्हा त्याने फोन उचलणं बंद केलं.

आता ती पुन्हा कार्बामाझेपिनवर आहे, डोस हळूहळू वाढवत. रक्तातलं सोडियम तपासतात. अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायला सांगितलंय. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेच्या मुळाशी टेकलेली दिसली. गोळ्या पुरेनाशा झाल्या तर ऑपरेशन करून त्या दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा तुकडा बसवतात. ते झेपणार नसेल तर गॅमा नाइफ, म्हणजे चिरफाड न करता नसेवर नेमके किरण सोडणं, किंवा सुईने नस बधिर करणं. त्यात चेहरा थोडा सुन्न राहू शकतो. यातलं काहीच कायमचं असेल याची हमी डॉक्टरांनी दिली नाही, आणि मला तेच विश्वासाचं वाटलं.

तो व्हिडिओ काढून टाका म्हणून आम्ही वारंवार सांगितलं. अजून फिरतोय. डोळे पुसत ‘मी पूर्ण बरी झाले’ म्हणणारी एक बाई तुम्हाला पाठवली गेली, तर ती कदाचित माझी ताई असेल. त्या दिवशी ती खरं तेच बोलत होती. पुढच्याच महिन्यात तिला पाणीही गिळवत नव्हतं.