डॉकर, ॲनोमॅलिब, ओपनविनो : लाईनवर लावल्यानंतरचं माझं मत

मशीनिंग झालेल्या भागांवरचे चरे, खड्डे, फुटलेल्या कडा कॅमेऱ्याने शोधायच्या आणि खराब जॉब (म्हणजे मशीनवरून आलेला भाग) बाजूला काढायचा, हे माझं काम. मॉडेल ॲनोमॅलिबमध्ये (चित्रातलं वेगळेपण शोधणाऱ्या मॉडेलची लायब्ररी) तयार करायचं, ओपनविनोवर (मॉडेल इंटेलच्या पीसीवर वेगाने चालवणारं साधन) चालवायचं आणि सगळं डॉकर कंपोजमध्ये (ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) बांधून उत्पादनाच्या लाईनशेजारच्या पीसीवर ठेवायचं, अशी माझी हल्लीची पद्धत आहे. तिन्ही गोष्टी ओपन सोर्स. मी समाधानी आहे आणि नव्या कामालाही हेच वापरेन. पण कुठे जपावं लागतं ते आधी कळलेलं बरं.

ॲनोमॅलिब मला आवडते ती एका कारणासाठी : तिला शिकवायला दोषी माल लागत नाही. चालू लाईनवर चांगल्या जॉबचे फोटो हवे तितके मिळतात, खराब जॉब मात्र मोजकेच सापडतात, आणि उद्या कुठला नवा दोष उगवेल ते कोणालाच माहीत नसतं. पॅचकोर हे त्यातलं माझं आवडतं मॉडेल. ते चांगल्या फोटोंच्या लहान लहान तुकड्यांची वैशिष्ट्यं साठवून ठेवतं आणि नवा तुकडा त्यातल्या सगळ्यात जवळच्यापासून किती लांब आहे ते मोजतं. त्यामुळे मॉडेलची वजनं, म्हणजे आतले आकडे, शिकवत बसायचं कामच नाही, फोटोंवरून एक फेरी पुरते. पॅडिम हे दुसरं मॉडेल त्याहून हलकं आहे, पण ते प्रत्येक जागेचा वेगळा हिशोब ठेवतं. जॉब फिक्श्चरमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) अगदी त्याच जागी बसत असेल तर उत्तम, थोडा फिरला की चांगल्या मालावरही बोंब. जिथे जॉब पट्ट्यावर मोकळा येतो तिथे मी पॅडिमच्या वाटेला जात नाही.

सोबत हीट मॅप मिळतो, म्हणजे शंका नेमकी कुठे आहे ते चित्रावरच लाल दिसतं. त्याची खरी किंमत मला एका कास्टिंगच्या बोअरवर (आतल्या गोल भोकावर) कळली. एकामागून एक चांगले जॉब रिजेक्ट होत होते आणि लाल पट्टा दर वेळी बोअरच्या खालच्या काठावर. तपासणीवरच्या ताईंनी जॉब उचलला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "साहेब, हा चरा नाही, मशीनचं कूलंट आहे. पुसा आणि परत ठेवा." पुसल्यावर जॉब पास झाला. मॉडेलने काही खोटं सांगितलं नव्हतं, शिकवलेल्या फोटोंत ओला जॉब एकही नव्हता. उपाय निघाला तो कॅमेऱ्याच्या आधी लावलेल्या हवेच्या नोझलमध्ये, आणि वरून पडणारा प्रकाश काढून अगदी तिरका लावण्यात. तिरक्या प्रकाशात सपाट पृष्ठभाग काळा राहतो आणि चऱ्याची कड चमकते. वेगाचंही तसंच. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर जात असेल आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंद असेल, तर चित्र अर्धा मिलिमीटर फरफटतं. त्यात बारीक चरा शोधायला कुठल्याही मॉडेलला सांगू नका.

नेहमीच्या मांडणीत चित्र २५६ × २५६ पिक्सेलवर आणलं जातं, तिथेही लक्ष ठेवा. कॅमेरा २४४८ × २०४८ चा असेल तर मूळ चित्रातला नऊ पिक्सेल रुंद चरा एका पिक्सेलएवढा उरतो. मी आधी कामाचा भाग कापून घेतो आणि गरज पडली तर चित्राचे तुकडे करून तपासतो. वेळ वाढतो, पण चरा दिसतो.

आता डॉकर. अडचणी येतात त्या कंटेनर जिथे हार्डवेअरला भिडतो तिथे. गिगई कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे) नेटवर्कवर सगळ्यांना एकदम पुकारा करून, म्हणजे ब्रॉडकास्ट करून, शोधले जातात, आणि डॉकरच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कमधून तो पुकारा बाहेर जात नाही. होस्टचं, म्हणजे खुद्द पीसीचं, नेटवर्क दिलं की कॅमेरा लगेच दिसतो. यूएसबी कॅमेऱ्याचा प्रकार वेगळा. लिनक्समध्ये यूएसबीसाठी राखलेली मेमरी मुळात १६ एमबी असते, आणि ५ मेगापिक्सेलची एक कृष्णधवल फ्रेमच सुमारे ५ एमबीची. तीन फ्रेममध्ये जागा संपते. हा आकडा होस्टच्या कर्नलचा आहे, इमेजमध्ये (ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्यात) काहीही लिहिलं तरी बदलत नाही, पीसीवरच वाढवावा लागतो. म्हणून "कंटेनर केला म्हणजे कुठेही चालेल" असं कोणी म्हणालं, तर होस्टच्या सेटिंगचा कागद आधी मागा. लॉगचंही (ॲप लिहीत जातं त्या नोंदींचं) बघून घ्या. डॉकर मुळात लॉगच्या आकाराला मर्यादा घालत नाही, प्रत्येक जॉबला एक ओळ लिहिणारं ॲप डिस्क हळूहळू भरत नेतं. कंपोज फाईलमध्ये मर्यादा लिहिली की विषय संपला.

तरीही डॉकर का, तर परत फिरण्यासाठी. नवी आवृत्ती शिफ्टच्या मध्यावर बिघडली तर जुनी इमेज तिथेच असते, कंपोज फाईलमधली एक ओळ बदलली की लाईन पूर्ववत. लाईनवरच्या पीसीला इंटरनेट बहुधा नसतंच, म्हणून इमेज फाईलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येते हेही सोयीचं. बरेच जण मॉडेल बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवतात, मी ते इमेजच्या आतच ठेवतो. इमेज जड होते, पण कुठल्या कोडसोबत कुठलं मॉडेल चालू होतं यावर नंतर वाद उरत नाही.

ओपनविनोमुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही आणि पंखा नसलेला पीसी चालतो, जे धूळ आणि तेलाच्या जागी मोठंच सुख आहे. इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स वापरणार असाल तर ते डिव्हाइस आणि त्याचा ग्रुप कंटेनरला द्यावा लागतो. शिवाय पहिल्यांदा मॉडेल कंपाइल व्हायला वेळ लागतो, म्हणून कॅशचं फोल्डर व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरच्या बाहेर टिकणाऱ्या जागेवर, ठेवा, नाहीतर कंटेनर नव्याने बनवला की पुन्हा तेवढंच थांबा. पीएलसीला (लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरला) मी "खराब" असा सिग्नल न देता "चांगला" असा देतो. सिग्नल वेळेत आला नाही तर जॉब रिजेक्टच्या पेटीत. कंटेनर पडून आपोआप उठेपर्यंतच्या काळात काही जॉब पुढे सरकतातच, ते न तपासलेले पास होता कामा नयेत.

माझी एकच मोठी तक्रार आहे ती सीमारेषेबद्दल, म्हणजे मॉडेलने दिलेल्या वेगळेपणाच्या किती गुणांपासून जॉब खराब म्हणायचा त्या थ्रेशोल्डबद्दल. ॲनोमॅलिब मुळात एफ-वन गुण (सुटलेले दोष आणि खोटे इशारे दोन्ही कमी असले की वाढणारं एकत्र माप) सर्वांत जास्त येईल तिथे थ्रेशोल्ड ठरवते, आणि त्यासाठी थोडे दोषी नमुने लागतातच. पण त्या गुणात सुटलेला दोष आणि उगाच नाकारलेला चांगला जॉब यांना सारखंच वजन आहे. प्रत्यक्षात सुटलेला दोष ग्राहकापर्यंत जातो, नाकारलेला जॉब फार तर टेबलावर परत तपासला जातो. या दोन्हींचं वजन मला स्वतःला लिहिता आलं तर फार मोठं काम होईल. तोवर मी क्वालिटीवाल्यांना सोबत घेऊन सगळ्या नमुन्यांचे गुण एका आलेखावर मांडतो. सर्वांत फिका, पण ग्राहकाकडून हमखास परत येईल असा चरा ते निवडतात, आणि रेघ त्याच्या खाली ओढतो. मॉडेल हलकं करायला त्यातले आकडे आठ बिटांवर उतरवले की गुण हलतात, त्यामुळे तीच रेघ तेव्हा पुन्हा ओढायची.