तेरा वर्षं काम केल्यावर पुन्हा परीक्षा: गूगल ॲड्स, ॲनालिटिक्स आणि एसइओ सर्टिफिकेट्सचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी 2012 पासून सर्च मार्केटिंगमध्ये आहे, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्यांपर्यंत धंदे पोहोचवण्याचं काम: पैसे देऊन जाहिराती (गूगल ॲड्स) आणि जाहिरातीशिवाय साइट वर आणणं (एसइओ). आधी पुण्यातल्या एका एजन्सीत आठ वर्षं नोकरी केली, त्यानंतर स्वतःचं काम सुरू केलं. आज चौदा क्लायंट आहेत: भोसरी-चाकणकडचे मशिनरीवाले, दोन दवाखाने, एक साड्यांचं दुकान, रत्नागिरीचे एक आंबा बागायतदार. कामं ओळखीतून येतात, त्यामुळे सर्टिफिकेटची गरज कधी पडली नव्हती. पहिली परीक्षा दिली होती 2013 मध्ये. तेव्हा प्रत्येक पेपरला 50 डॉलर पडायचे आणि ते ऑफिसने भरले होते. त्याच वर्षी गूगलने एजन्सींसाठी पार्टनर्स कार्यक्रम आणला आणि परीक्षा फुकट झाली. मी मात्र त्यानंतर रिन्यू करणं सोडून दिलं.

मागच्या जूनमध्ये, म्हणजे 2025 मध्ये, पुन्हा बसले. निमित्त एका कंपनीच्या व्हेंडर नोंदणीचं झालं. त्यांच्या फॉर्ममध्ये 'सर्टिफिकेशन्स' असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकायचा नाही. महिनाभरात चार सर्टिफिकेट्स घेतली: गूगल ॲड्सचं सर्च, गूगल ॲनालिटिक्सचं (साइटवर कोण आलं, काय केलं ते मोजणारं साधन), आणि एसइओची दोन, एक हबस्पॉटचं, एक सेमरश अकॅडमीचं. चारही फुकट. मेटाची परीक्षा पैसे भरून द्यावी लागते. माझं निम्म्याहून जास्त काम सर्चचं, त्यामुळे ती मी घेतली नाही आणि तिच्याबद्दल इथे लिहीतही नाही.

आता नऊ महिने झाले. जूनमध्ये गूगलच्या दोन्ही सर्टिफिकेट्सची वर्षाची मुदत संपेल. रिन्यू करायचं का, हे ठरवताना जे मनात आलं ते लिहितेय. माझ्यासारखे दहा-बारा वर्षं काम केलेले बरेच जण हाच प्रश्न विचारतात. नवख्या मुलांसाठी सल्ला खूप मिळतो, आमच्यासाठी कुणी लिहीत नाही.

आधी कामाचं बोलते. या नऊ महिन्यांत माझ्याकडे अकरा नवीन चौकश्या आल्या. सर्टिफिकेटबद्दल विचारलं दोघांनी. एक ती फॉर्मवाली कंपनी, दुसरी एक शिक्षणसंस्था, जिथे कमिटीसमोर कागद ठेवावे लागतात. बाकी नऊ जणांनी विचारलं ते हेच: आमच्यासारख्या धंद्याचं काम केलंय का, महिन्याला किती खर्च येईल आणि लीड (गिऱ्हाइकांच्या चौकश्या) कधीपासून येतील. भोसरीचे एक हायड्रॉलिक प्रेस बनवणारे मालक तर म्हणाले, "मॅडम, कागद नको, एखाद्या पार्टीचा नंबर द्या, मी बोलून घेतो." मी नंबर दिला आणि काम मिळालं. छोट्या आणि मध्यम उद्योजकाला सर्टिफिकेट दाखवून काम मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. कंपनी मोठी असेल, मध्ये प्रोक्युरमेंट (खरेदी विभाग) किंवा एचआर बसलेला असेल, तिथे मात्र तो कागद नसेल तर तुमचं नाव पहिल्या चाळणीतच गळतं. तिथे तेरा वर्षांचा अनुभव बघायची वेळच येत नाही.

एजन्सीवाल्यांचं गणित वेगळं आहे. गूगल पार्टनरचा बॅज हवा तर अकाउंट सांभाळणाऱ्यांपैकी निदान निम्मे लोक सर्टिफाइड लागतात, 90 दिवसांत जाहिरातींवर 10,000 डॉलरचा खर्च लागतो आणि मॅनेजर अकाउंटचा (सगळ्या क्लायंटची खाती एकत्र सांभाळणारं खातं) ऑप्टिमायझेशन स्कोअर, म्हणजे खाती किती नीट लावली आहेत याचा गूगलने दिलेला आकडा, निदान 70 टक्के लागतो. मी एका एजन्सीसाठी बाहेरून काम करते, त्यांना माझ्या सर्च सर्टिफिकेटचा थेट उपयोग झाला. तुमच्या नावामुळे एजन्सीचा बॅज टिकत असेल तर पगाराच्या बोलणीत ते जरूर सांगा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता अभ्यासाचं, कारण मला खरा फायदा तिथे झाला.

परीक्षेआधीच्या आठवड्यात आमच्या आंबेवाल्या काकांचा फोन आला होता. हंगाम नुकताच संपला होता. ते म्हणाले, "ताई, मला एवढंच सांगा, पाडव्याला ज्यांनी पहिली पेटी घेतली ते अक्षय्य तृतीयेला परत आले का? तसं असेल तर पुढच्या वर्षी पाडव्यालाच भाव जरा कमी ठेवतो." प्रश्न इतका नेमका होता की ऐकूनच आनंद झाला. आपल्या गिऱ्हाइकाचा असा विचार करणारा क्लायंट क्वचित मिळतो. मी ॲनालिटिक्समध्ये एक्सप्लोरेशन (आपल्याला हवा तसा जुळवून काढायचा रिपोर्ट) उघडलं, त्या गिऱ्हाइकांचा गट म्हणजे सेगमेंट लावला आणि तारीख 30 मार्चवर नेली. तिथे काहीच नव्हतं. एप्रिलच्या मध्यापासून पुढचे आकडे व्यवस्थित दिसत होते. त्याच्या मागे पूर्ण कोरं. वाटलं टॅग (साइटवरचा मोजणारा कोड) बिघडला असेल, म्हणून टॅग मॅनेजर तपासण्यात एक संध्याकाळ गेली.

दोन दिवसांनी परीक्षेचा अभ्यास करताना डेटा रिटेन्शनचा, म्हणजे डेटा किती काळ साठवला जातो त्याचा, धडा आला. जीए4 मध्ये (गूगल ॲनालिटिक्सची आताची आवृत्ती) वापरकर्त्यांच्या पातळीवरचा डेटा मुळात फक्त 2 महिने ठेवला जातो. सेटिंग बदललं तर 14 महिन्यांपर्यंत ठेवता येतो. नेहमीच्या तयार रिपोर्टवर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. एक्सप्लोरेशनमध्ये मागे गेलात की मात्र हातात काही उरत नाही. काकांची प्रॉपर्टी (ॲनालिटिक्समधली त्यांच्या साइटची नोंद) 2023 मध्ये त्यांच्या वेबसाइटवाल्याने तयार केली होती आणि हे सेटिंग कुणी उघडलंच नव्हतं. मीही नाही. अक्षय्य तृतीयेचा डेटा शिल्लक होता, पाडव्याचा गेला होता. गेलेला परत येत नाही.

त्याच रात्री चौदाही क्लायंटच्या प्रॉपर्टी एकेक करून उघडल्या. पाच ठिकाणी 2 महिने होते. पाचही बदलल्या. मग काकांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी बघू." मला मात्र अजूनही वाईट वाटतं. आंब्याचा हंगाम वर्षातून एकदा येतो. तो प्रश्न आणखी वर्षभर लांबला.

माझं काम मी करता करता शिकले. जे बिघडलं ते दुरुस्त करत गेले आणि ते पक्कं येतं. पण जे बिघडल्याचं दिसतच नाही, त्याची दुरुस्ती होत नाही. क्रमाने अभ्यास करताना नेमक्या अशा न दिसणाऱ्या जागा सापडतात. मला चार-पाच सापडल्या. सर्च कॅम्पेनमध्ये लोकेशनचं मूळ सेटिंग त्या ठिकाणी असलेल्यांबरोबर त्या ठिकाणात रस असलेल्यांनाही जाहिरात दाखवतं, हे मला माहीत होतं. तरी एका दवाखान्याच्या जुन्या कॅम्पेनमध्ये ते तसंच राहिलं होतं. कोथरूडच्या दवाखान्याची जाहिरात परगावी बसलेल्या माणसाला दिसून काय उपयोग? अभ्यासाच्या निमित्ताने यादी करून सगळं तपासलं गेलं, म्हणून ते हाती लागलं.

म्हणून प्रश्नांची तयार उत्तरं शोधून परीक्षा देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती उत्तरं सहज मिळतात. परीक्षा घरी बसून द्यायची असते, समोर कुणी नसतं. 50 प्रश्न, 75 मिनिटं, पासिंग 80 टक्के. नापास झालात तर एका दिवसाने पुन्हा बसता येतं. चोरून पास होणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण मग अनुभवी माणसाला त्यातून मिळण्यासारखी एकमेव गोष्टसुद्धा मिळत नाही.

परीक्षेतल्या उत्तरांबद्दलही थोडं. गूगलच्या परीक्षेत गूगलने सुचवलेली पद्धत विचारतात, आणि ते स्वाभाविक आहे. ब्रॉड मॅच (जुळत्या अर्थाच्या शोधांनाही जाहिरात दाखवणं), स्मार्ट बिडिंग (बोली मशीननेच ठरवणं), ऑटोमेशन यांकडे कल आहे. महिन्याला पाच-सात लाखांचा खर्च आणि भरपूर कन्व्हर्जन (जाहिरातीतून आलेल्या चौकश्या किंवा विक्री) असतील तर ही पद्धत चांगली चालते, मीही वापरते. पण भोसरीच्या प्रेसवाल्यांचं महिन्याचं बजेट 25 हजार आणि चौकश्या महिन्याला वीस. एवढ्याशा डेटावर मशीन शिकणार काय? तिथे मी एक्झॅक्ट आणि फ्रेज मॅचच ठेवते, म्हणजे दिलेल्या शब्दांशी जास्त काटेकोर जुळणारे शोधच. परीक्षेत एक लिहिलं आणि कामात दुसरं केलं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं. ऑप्टिमायझेशन स्कोअरचंही असंच. सुचवलेली शिफारस नाकारली तरी स्कोअर वाढतो, ती लागू करावीच लागते असं नाही. बरेच जण स्कोअरच्या भीतीने क्लायंटच्या पैशावर नको ते लागू करून बसतात.

एसइओच्या सर्टिफिकेट्सवर मी फारसा वेळ घालवा म्हणणार नाही. गूगल एसइओचं सर्टिफिकेट देत नाही. टूलवाल्या कंपन्या देतात. त्यांचे धडे सुरुवात करणाऱ्याला स्वच्छ समजावून सांगतात, अनुभवी माणसाला त्यात नवीन फार थोडं आहे. हा विषय धड्यांपेक्षा पुढे पळतो हीही अडचण आहे. मार्च 2024 मध्ये कोअर वेब व्हायटल्समध्ये (पान वापरताना कसं चालतं ते मोजणारी गूगलची मापं) एफआयडी हे माप जाऊन आयएनपी आलं, तरी जून 2025 मध्ये मी बघितलेल्या एका कोर्समध्ये एफआयडीच शिकवत होते. त्याच मार्चमधलं कोअर अपडेट (गूगलच्या क्रमवारीतला मोठा बदल) पूर्ण व्हायला 45 दिवस लागले. त्या दिवसांत क्लायंटला धीर देणं, घाईने पानं उडवू न देणं, रोज सर्च कन्सोल (शोधात साइट कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) बघून काय हलतंय ते टिपून ठेवणं, हे आम्ही केलं. याची परीक्षा कुठे घेतात? भारतात ऑगस्ट 2024 मध्ये एआय ओव्हरव्ह्यूज (शोधाच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर) आल्यावर दवाखान्याच्या माहितीच्या पानांवर इम्प्रेशन (शोधात पान किती वेळा दिसलं) वाढत गेले आणि क्लिक घटत गेले. तो आलेख डॉक्टरांना समजावून सांगणं हेच आज एसइओवाल्याचं काम आहे. त्यामुळे एसइओच्या क्लायंटसमोर मी सर्टिफिकेट ठेवत नाही, जुन्या क्लायंटच्या परवानगीने त्यांच्या सर्च कन्सोलचा 16 महिन्यांचा आलेख ठेवते. घसरणही दाखवते, आणि ती कशी सावरली तेही.

डिसेंबरमध्ये मला एक मदतनीस हवा होता, म्हणून सहा जणांच्या मुलाखती घेतल्या. एकाच्या फाइलमध्ये सात सर्टिफिकेट्स होती. मी सगळ्यांना एकच काम दिलं: प्रेसवाल्यांचा सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी), साधारण दोनशे ओळी, त्यातून निगेटिव्ह, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये असे शब्द, काढा. सात सर्टिफिकेटवाल्या मुलाने 'जॉब', 'व्हिडिओ', 'सेकंड हँड', 'रिपेअर' पटापट काढले. 'वर्किंग प्रिन्सिपल पीडीएफ' तसंच ठेवलं. ते शोधणारी सगळी इंजिनिअरिंगची मुलं, प्रोजेक्टसाठी. एका मुलीने काम हळू केलं. 'वर्किंग प्रिन्सिपल' तिने बरोबर काढलं आणि 'रिपेअर'पाशी थांबून विचारलं, "ताई, हे लोक जुन्या प्रेसची दुरुस्ती करतात का?" करतात! त्यातून त्यांना चांगले पैसेही मिळतात. तिच्याकडे एकच सर्टिफिकेट होतं, तेही मुदत संपलेलं. आज ती माझ्याकडे आहे.

एका परिस्थितीत मात्र सर्टिफिकेट जरूर घ्या, आणि ती म्हणजे मध्ये खंड पडला असेल तर. माझी एक मैत्रीण 2021 च्या सुरुवातीला बाळंतपणासाठी थांबली आणि चार वर्षांनी परतली. तेवढ्या काळात आमची साधनंच बदलली: ब्रॉड मॅच मॉडिफायर गेला, परफॉर्मन्स मॅक्स आलं, एक्सपांडेड टेक्स्ट ॲड नव्याने करणं बंद झालं आणि 1 जुलै 2023 पासून जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स थांबलं. ती हुशार आहे, पण मुलाखतीत समोरच्याला तिच्या बायोडेटातली चार वर्षांची रिकामी जागाच दिसायची. तिने तीन महिने नीट अभ्यास केला आणि ताज्या तारखेची दोन सर्टिफिकेट्स लावली. त्यानंतर बोलावणी यायला लागली. नोकरी तिला तिच्या जोरावर मिळाली, पण आत बोलावण्यासाठी समोरच्याला एक कारण लागत होतं, ते या कागदांनी दिलं. मुलंबाळं, आजारपण, घरचं कुणी अंथरुणाला खिळलेलं, अशा कारणांनी थांबलेल्या कितीतरी बायका आपल्या क्षेत्रात आहेत. त्यांना मी हे आग्रहाने सांगते.

तर जूनमध्ये मी काय करणार? ॲनालिटिक्सचं रिन्यू करणार, त्यासाठी पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा वाचणार. सर्चचं एजन्सीसाठी करणार. एसइओची दोन्ही सोडून देणार. पैसे भरून घ्यायची कुठलीही परीक्षा, नोकरी देणारा स्वतः मागत नसेल तर, आपल्यासारख्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात स्वतःची एखादी साइट काढून तिच्यावर प्रयोग केलेले चांगले.

हंगाम पुन्हा सुरू झालाय. पाडव्याच्या पेट्या गेल्या. परवा काकांचा फोन होता, पेट्यांच्या फोटोंबद्दल बोलायला. ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, यंदा तरी ते परत आलेले कोण ते कळेल ना?" मी लॅपटॉपवर एक्सप्लोरेशन उघडून ठेवलं होतं. तारीख मागे नेली. मागच्या एप्रिलच्या मध्यापासून आजपर्यंत सगळे आकडे जागेवर होते, आणि यंदाचा पाडवाही. म्हटलं, "काका, अक्षय्य तृतीया होऊ दे, दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन करते."