केलॉग की क्रेझगी: कुणाची वाट जवळची?
समाजकामाला देणग्या देणारी ही दोन्ही प्रतिष्ठानं खासगी, दोन्ही अमेरिकेच्या मिशिगन राज्यातली. वांशिक समता आणि रोजीरोटीची संधी हे दोघांचंही ध्येय. क्रेझगीचा (१९२४) जन्म डेट्रॉइटचा. शहर दिवाळखोरीत गेलं, तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलर कबूल केले. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला मोठी कात्री लागू नये, कलासंग्रहालयातली चित्रं विकावी लागू नयेत, म्हणून. (केलॉगनंही त्यात ४ कोटी घातले.)

केलॉगचं (१९३०) गाव बॅटल क्रीक. तिथल्या सरकारी शाळांना २०१७ मध्ये त्यांनी पाच वर्षांसाठी ५.१ कोटी डॉलर दिले.

संकटात क्रेझगीसारखा पाठीराखा हवाच. तरी मला केलॉगची वाट जवळची वाटते: कृष्णवर्णीय, गरीब घरातल्या मुलाला चांगली शाळा आपल्याच गावात मिळते.