कन्फर्मेशन खरं होतं, खोली नव्हती

नाताळच्या आठवड्यात फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलँडला जायचं, मुलांना स्कीइंग शिकवायचं आणि नशिबात असलं तर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला तो हिरवा प्रकाश, बघायचे, असा बेत हल्ली बरेच जण करतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमची या सहलीत एका आयोजकाने फसवणूक केली, पण त्यात खोटे कागद फारसे नव्हतेच, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

लेवी हे तिथलं मोठं स्की केंद्र. लॅपलँडचं मुख्य शहर रोवानिएमी, त्याच्या उत्तरेला साधारण 170 किलोमीटर, आणि सगळ्यात जवळचा विमानतळ कित्तिला. आपलं ऑफिस रोवानिएमीत आहे असं सांगणारा एक आयोजक आम्हाला सापडला. हॉटेल, एक रात्र काचेच्या इग्लूत, स्की पास (डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट), भाड्याचं साहित्य, प्रशिक्षक, हस्की सफारी (कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीतली फेरी), सगळं एकाच पॅकेजमध्ये. भाव काही फार स्वस्त नव्हता. फारच स्वस्त असता तर कुणीही सावध झालं असतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

विश्वास बसला तो एका फॉर्ममुळे. प्रत्येकाची उंची, वजन, बुटाचं माप, आधी कधी स्कीइंग केलंय का, असं सगळं त्यात बारकाईने विचारलं होतं. स्कीला बूट अडकवतात ते बाइंडिंग किती घट्ट ठेवायचं हे याच गोष्टींवरून ठरतं. पडल्यावर बूट वेळेत सुटला नाही तर गुडघ्याची वाट लागते. इतकं नेमकं विचारणारा माणूस या धंद्यात मुरलेलाच असणार, असं वाटणं साहजिक आहे. असा फॉर्म भाड्याने स्की देणाऱ्या कुठल्याही दुकानाच्या वेबसाइटवर मिळतो, ही गोष्ट वेगळी.

पहिला हप्ता कार्डाने भरला. दोन दिवसांत हॉटेलचं कन्फर्मेशन आलं. आम्ही हॉटेलला परस्पर मेल केली. उत्तर आलं, हो, तुमच्या नावाने बुकिंग आहे, या तारखांना आम्ही तुमची वाट बघतोय. तोच कागद शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जोडला आणि व्हिसाही मिळाला. मग आयोजकाचा मेसेज आला: उरलेली रक्कम थेट बँकेत भरलीत तर कार्डाचं कमिशन वाचेल, 5 टक्के सूट देतो. खात्याचा आयबॅन नंबर एलटी या अक्षरांनी सुरू होत होता, म्हणजे खातं लिथुआनियातलं. फिनलंडमधल्या खात्याचा नंबर एफआयने सुरू होतो. विचारल्यावर तो म्हणाला, युरोमध्ये कुठल्याही देशातलं खातं चालतं. हे खरंच आहे. अर्धं खरं बोलण्यात हा माणूस वाकबगार होता.

कित्तिलाला उतरलो तर न्यायला कुणी आलेलं नाही, आणि त्याचा फोन बंद. टॅक्सी करून हॉटेल गाठलं. रिसेप्शनवरच्या मुलीने नंबर टाकला, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. बुकिंग होतं. त्यापुढे लाल अक्षरांत ‘रद्द’ लिहिलं होतं आणि शेजारी तारीख-वेळ. मोफत रद्द करण्याची मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी आयोजकाने ते रद्द केलं होतं. पैसे मुक्कामाच्या वेळी द्यायचे, अशा अटीवर ते केलेलं होतं. म्हणजे त्याच्या खिशातून एक छदामही गेला नव्हता. आम्ही मेल केली त्या दिवशी बुकिंग शंभर टक्के खरं होतं, आणि ते खरं असणं हाच त्याच्या फसवणुकीचा पाया होता.

त्या आठवड्यात लेवी गच्च भरलेलं असतं. त्या मुलीने चार ठिकाणी फोन करून कित्तिला गावात एक अपार्टमेंट मिळवून दिलं, अर्थात त्या दिवसाच्या भावाने. स्की पास, बूट, हेल्मेट, मुलांचा शिकवणीचा वर्ग, सगळं आम्ही तिथल्या काउंटरवर जाऊन सरळ विकत घेतलं. तासाभरात काम झालं. आयोजक नसता तरी हे सगळं जमलं असतं. चिडचिड होते ती इथे!

घरी आल्यावर आयोजकाची वेबसाइट पुन्हा उघडली. पहिल्याच फोटोत हिरवा प्रकाश, खाली समुद्र, पाण्यात खांबांवर उभी लाल लाकडी घरं आणि मागे सुळक्यासारखे डोंगर. ती घरं नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवरची, कोळ्यांची. लेवीचा डोंगर 531 मीटरचा, गोल माथ्याचा, आणि समुद्राचा तिथे पत्ता नाही. कार्यक्रमपत्रिकेत 24 डिसेंबरला ‘सकाळी 10 ते 4 उन्हात स्कीइंग’ होतं. त्या दिवसांत लेवीला सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा निळसर उजेड असतो, बाकी स्कीइंग दिव्यांच्या उजेडात चालतं. तिथे एक हिवाळा काढलेला माणूसही असं लिहिणार नाही.

आणि वेबसाइटवरची ती ‘ऑरोरा गॅरंटी’, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स दिसण्याची हमी. सूर्यावरून येणारे कण पृथ्वीच्या वातावरणावर आदळले की हा प्रकाश दिसतो. ते कण किती जोरात येताहेत हे मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर आहेत, म्हणजे नेमका अंदाज मिळतो तो अर्धा-पाऊण तास आधी. त्याआधी जे असतं ते शक्यतेच्या भाषेत. त्यात ढग आले तर सूर्याने काहीही केलं तरी उपयोग शून्य, आणि डिसेंबरपेक्षा मार्चमधलं आकाश तिथे जास्त मोकळं असतं. प्रामाणिक गाइड फार तर म्हणतो, आज नाही दिसला तर उद्या रात्री फुकट नेतो. महिनाभर आधी दर्शनाची हमी देणाऱ्याकडे बाकीचंही त्याच दर्जाचं असतं.

आता करायचं काय. हॉटेलला मेल एकदा करून थांबू नका. बुकिंग कुणी केलंय, पैसे भरलेत का, ते कोण रद्द करू शकतं आणि मोफत रद्द करण्याची मुदत कधी संपते, हे चार प्रश्न विचारा. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मोठी रक्कम द्यायची ती त्यानंतर. आयोजक ‘आत्ताच भरा’ म्हणून मागे लागला तर हॉटेलचे पैसे हॉटेललाच भरतो म्हणून सांगा आणि तो काय करतो ते बघा.

फिनलंडमधल्या प्रत्येक कंपनीला ओळख क्रमांक असतो, सात आकडे, मग आडवी रेघ आणि एक आकडा. तो सरकारी यादीत फुकट शोधता येतो. आमच्या आयोजकाने दिलेला क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच कंपनीचा. युरोपियन युनियनमध्ये 2018 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पॅकेज सहली विकणाऱ्या तिथल्या कंपनीला, ती बुडाली तर ग्राहकांचे पैसे परत मिळतील अशी तरतूद करावी लागते. फिनलंडच्या स्पर्धा आणि ग्राहक प्राधिकरणाकडे अशा कंपन्यांची नोंद असते. नॉर्वेतही याच कामासाठी गॅरंटी फंड आहे. आयोजकाचं नाव अशा नोंदीत नसेल तर पुढे बोलूच नका.

विम्याचंही बघा. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय कवच लागतं. आयोजकाने काढून दिलेल्या पॉलिसीत ते होतं, पण स्कीइंग आणि स्नोमोबाइलवरची दुखापत वगळलेली होती.

कार्डाने भरलेला हप्ता परत मिळाला. बँकेकडे डिस्प्यूट (त्या व्यवहाराविरुद्धची तक्रार) टाकताना हॉटेलकडून रद्द झाल्याची तारीख-वेळ मेलवर लिहून घेतली होती, तीच कामी आली. हॉटेलमधून रागाच्या भरात निघून जाऊ नका, हे लेखी मागून घ्या. बँकेकडच्या या तक्रारीला साधारण 120 दिवसांची मुदत असते, पण आपल्या बँकेला लगेच विचारलेलं बरं. थेट खात्यात पाठवलेल्या रकमेची पोलिसांत तक्रार दिली आहे, तिचं पुढे काही झालेलं नाही. आम्हा सहाजणांच्या पासपोर्टच्या प्रती अजून आयोजकाकडेच आहेत. आता प्रत देताना तिच्यावर आडवं, मजकुरावरून जाईल असं, कुणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहूनच देतो.