अकराशे ग्रॅमचा लॅपटॉप, नऊ महिन्यांनंतर

हा लॅपटॉप घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच आकडा होता, १.१ किलो. आधीचा २.१ किलोचा होता आणि ऑडिटच्या कामामुळे तो रोज पाठीवर घेऊन फिरावं लागायचं. संध्याकाळपर्यंत खांदा भरून यायचा. ते दुखणं थांबलं, हे आधी सांगते, कारण त्यासाठीच एवढे पैसे मोजले होते. पण वजन एका किलोने उतरलं म्हणजे ते कुठून तरी काढलेलं असतं. कुठून काढलंय, ते दुकानात दहा मिनिटं हाताळून कळत नाही. मला ते कळायला पाच-सहा महिने गेले.

पहिली गोष्ट चार्जरची. माहितीपत्रकातलं वजन चार्जर सोडून असतं. माझ्याबरोबर आलेला ६५ वॉटचा चार्जर जाड वायरीसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरला. टाइप-सी असल्यामुळे महिन्याभरात मी गॅलियम नायट्राइडवाला (या पदार्थामुळे चार्जर लहान होतो) छोटा चार्जर घेतला, फोनही त्यावरच चार्ज होतो. केबल मात्र ५ अँपिअरची घ्या. साधी ३ अँपिअरची केबल २० व्होल्टला जास्तीत जास्त ६० वॉटच देते.

बॅटरी ५७ वॉट-अवरची आहे. 'दिवसभर चालते' या जाहिरातीपेक्षा साधा भागाकार करून बघावा. एक्सेल, मेल आणि पीडीएफ एवढंच चालू असेल तर माझा लॅपटॉप ६ ते ७ वॉट खातो, म्हणजे आठ-नऊ तास निघतात. व्हिडिओ मीटिंग सुरू झाली की तोच खर्च १४-१५ वॉटवर जातो आणि चार तासही पुरत नाहीत. दिवसाला दोन-तीन मीटिंग असतील तर चार्जर घरी ठेवायचा विचार सोडून द्या. टेबलावर काम करताना मी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवते, तशी सोय सेटिंगमध्येच आहे. नऊ महिन्यांनी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, ५७ पैकी ५४ वॉट-अवर शिल्लक दिसली. यावर मी समाधानी आहे.

सुरुवातीला मात्र बॅटरीनेच घाबरवलं होतं. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तासाभराने बाहेर काढला तर हाताला चटका बसेल इतका तापलेला, आणि नव्वद टक्क्यांची बॅटरी साठावर. बिघाड नव्हता. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जवळपास सगळं थांबवणारी जुनी स्लीप राहिलेली नाही. झाकण मिटल्यावरही यंत्र फोनसारखं अर्धवट जागं असतं आणि एखादं अपडेट त्याला पूर्ण जागं करू शकतं. बंद बॅगेत ती उष्णता जाणार कुठे? झाकण मिटलं की हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद), असं सेटिंग केल्यापासून पुन्हा तसं झालं नाही. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, तेवढं चालतं.

स्क्रीन १४ इंची, १९२० बाय १२००. जुन्या १९२० बाय १०८० च्या मानाने उंचीला १२० पिक्सेल जास्त, म्हणजे एक्सेलच्या पाच-सहा ओळी जास्त दिसतात. दिवसभर लेजर, म्हणजे खातेवह्या तपासणाऱ्याला विचारा त्या ओळींची किंमत. काच चकचकीत नाही, त्यामुळे खिडकीकडे पाठ करून बसलं तरी स्वतःचा चेहरा दिसत नाही. कीबोर्डची बटणं छान खोल दबतात, पण नंबर पॅड नाही. आकडे टाकणाऱ्यांनी वेगळा नंबर पॅड घ्यायची तयारी ठेवावी.

वेगाबद्दल थोडक्यात. लाखभर ओळींची शीट उघडली की सुरुवातीला सुसाट पळतो, मग पातळ बॉडीत उष्णता मावत नाही आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. पंख्याचा आवाज शांत खोलीत जाणवतो. मला खरी अडचण रॅमची येते. १६ जीबी घेतली, ब्राउझर, दोन मोठ्या शीट आणि मीटिंग एकत्र चालली की ती ९० टक्क्यांवर जाते. रॅम मुख्य बोर्डालाच (मदरबोर्ड) सोल्डर केलेली आहे, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी (फाइल साठवायची डिस्क) बदलता येते, बॅटरीही स्क्रू काढून बदलता येते. घेण्याआधी मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे सगळं वाचायला मिळतं, मी ते वाचलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला. केबल विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागायचा. मिलिटरी दर्जाच्या चाचण्या पार केल्याचं खोक्यावर छापलं होतं, पण त्या चाचण्यांतल्या कोणत्या करायच्या ते कंपनीच ठरवते आणि रोजच्या केबल काढण्या-घालण्याचं त्यातून काहीच कळत नाही. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेतली होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आले, टेबलावर कापड पसरलं, खालचे पाच स्क्रू काढले आणि म्हणाले, "मॅडम, पोर्ट बोर्डावरच आहे, अख्खा बोर्ड बदलावा लागेल." पाऊण तासात बदललाही.

लॅपटॉप सुरू केला तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. डिस्क तीच होती, पण तिचं कुलूप सांभाळणारी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये की साठवलेली होती. फोनवर बघून एकेक अंक टाकताना माझे हात थरथरत होते, कारण त्या डिस्कवर तीन क्लायंटची वर्षअखेरची कामं होती. ती की आजच शोधून कागदावर लिहून ठेवा, लॅपटॉप कोणताही असो.

नव्या बोर्डावर पोर्ट घट्ट आहे, अजून कुरकुर नाही. रॅम अर्थातच त्यावरही १६ जीबीच आली. पुढच्या महिन्यात भाऊ हेच मॉडेल घेतोय, त्याला ३२ जीबीचं घ्यायला लावलंय आणि वॉरंटी ऑनसाइटच.