जुनी एअर रायफल घेताना : स्प्रिंगची की पीसीपी?

पीसीपी म्हणजे आधीच दाबाने हवा भरलेल्या सिलिंडरवर चालणारी रायफल. दोन्हीत गोळी 4.5 मिमीचीच, पण तपासणी वेगळी.

स्प्रिंगच्या रायफलीत नळी बिजागरीवर खाली दुमडून तिथे आडवी ढिलाई आहे का पाहा. मग सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून गोळीसह बार काढा. पट्टी फडफडली तर ब्रीच सील, म्हणजे सांध्यातून हवा निसटू न देणारी चकती, गेले. ते स्वस्तात बदलते. धूर आणि मोठा आवाज आला तर सिलिंडरमध्ये तेल जळते आहे, कोणीतरी जास्त ओतलेले असते. रिकामा बार कधीच काढू नका, पिस्टन आपटतो. स्प्रिंग ताणून ठेवू नका.

पीसीपीत आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. अनेक जर्मन कंपन्या 10 वर्षांनी तो बाद करायला सांगतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवा महाग असतो, तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. 200 बार दाबाचा सिलिंडर पूर्ण भरून रात्रभर ठेवा. दाबमापकाचा काटा उतरला तर ओ-रिंग (रबरी कडी) किंवा व्हॉल्व्ह गळतो. इथे खनिज तेल घातक, उच्च दाबात ते पेटते. फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. ठेवताना थोडा दाब राहू द्या.

कोकणच्या दमट हवेत दोन्ही फोमच्या पेटीत गंजतात. विक्रीच्या पावतीवर अनुक्रमांक हवाच.

घरच्या सरावाला स्प्रिंग, 10 मीटर स्पर्धेला पीसीपी.