धरणावरच्या बोटीला काठावरची लाईट: अर्थिंग कोणतं घ्यावं?

नाथसागर असो, येलदरी असो की माजलगाव, बोट चालवणाऱ्याला आता काठावरची लाईट लागतेच. रात्री बॅटऱ्या चार्ज करायच्या असतात, दिवे-पंखे असतात, मोठ्या बोटीत फ्रीजही असतो. वायर ओढली की काम भागतं. अर्थिंगचं विचारलं तर वायरमन एक सांगतो, बोट विकणारा दुसरं, आणि नेटवरचे सल्ले बहुतेक समुद्रातल्या बोटींचे असतात. आपलं पाणी गोडं आहे, त्यामुळे ते सल्ले जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

खारं पाणी माणसाच्या अंगापेक्षा चांगलं वाहक असतं, त्यामुळे गळणारा करंट बराचसा पाण्यातूनच निघून जातो. गोड्या पाण्यात उलट होतं. तिथे पाण्यापेक्षा अंगच चांगलं वाहक ठरतं. दहा-पंधरा मिलीअँपिअरला स्नायू आखडतात, हातपाय चालत नाहीत आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. अंगावर सहसा खूणही राहत नाही. म्हणून इथे निवड करताना आधी माणूस बघायचा, बोटीचा गंज नंतर.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे दिसणारा प्रकार म्हणजे दोन तारांची केबल, अर्थ नाहीच. 'अर्थ बोटीवर नेलाच नाही तर करंट पाण्यात उतरेल कसा?' असा त्यामागचा युक्तिवाद. चार्जरची बॉडी आतून लागली की करंटला परतायला पाणी आणि माणूस एवढेच रस्ते उरतात. हा पर्याय यादीतून काढूनच टाका.

तीन तारांची केबल, काठावर स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच), हा खरा पाया. यातला आरसीसीबी ऐच्छिक नाही. आपल्याकडे धरणाच्या काठी मुरूम नाही तर कातळ. मीठ-कोळसा घालून पाइप पुरला तरी उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आला. २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअर वाहतील, १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) पडणारच नाही आणि बोटीचं लोखंड तसंच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र ३० मिलीअँपिअरलाच तोडतो, त्यामुळे मध्यम दर्जाच्या अर्थिंगवरही तो काम करतो. त्याचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबा. पण बटन दाबल्यावर तो पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे, असं समजू नका. अर्थची तार तुटलेली असली तरी बटनाने तो पडतोच. अर्थिंग मीटर लावूनच मोजायचं, तेही मे महिन्यात.

काही जण डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून घेतात. हे करू नका. लाईनमध्ये न्यूट्रल तुटला तर बोटीचं सगळं धातूकाम फेजवर येतं. ब्रिटनमध्ये न्यूट्रलपासून काढलेला असा अर्थ बोटीच्या धातूला जोडायला कायद्यानेच बंदी आहे.

गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे गंज रोखायला अर्थच्या तारेत बसवायची डबी, याबद्दल माझं मत जरा कडक आहे: आपल्या धरणांवर बहुतेकांना त्याची गरज नाही. अर्थच्या तारेतून तुमच्या मोटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पाय आणि जेट्टीचं लोखंड एकमेकांना जोडले जातात, त्यांची बॅटरी बनते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आयसोलेटरमधले डायोड साधारण सव्वा व्होल्टपर्यंतचा हा डीसी करंट अडवतात आणि बिघाडाचा करंट जाऊ देतात. म्हणजे तो धातू वाचवतो, माणूस नाही. गोड्या पाण्यात ही झीज सावकाश होते, त्यामुळे मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड (मोटरऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) लावले तरी पुष्कळ. (जस्ताचे अ‍ॅनोड समुद्रासाठी. दुकानदार तेच पुढे करतो.) बोट लोखंडी पाँटूनशेजारी (तरंगत्या धक्क्याशेजारी) महिनोन्महिने प्लग लावूनच उभी राहत असेल तर आयसोलेटर घ्या, पण बिघडला तरी अर्थ तुटू न देणाराच.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांत वरचा. काठ आणि बोट यांच्यात तारेचा संबंधच राहत नाही, वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. बोटीवर बिघाड झाला तर करंट ट्रान्सफॉर्मरच्या बोटीकडच्या गुंडाळीत परततो. काठाकडे जायचं त्याला कारणच नसतं, त्यामुळे पाणी मधे येत नाही. गंजाचा प्रश्नही सुटतो. मात्र तो महाग आहे आणि तीन-साडेतीन केव्हीएचा असेल तर वजन २५-३० किलोच्या घरात जातं. चालू करताना क्षणभर मोठा करंट ओढतो, साधा एमसीबी खटकन पडतो. पत्र्याची बोट, रात्रभर एसी-फ्रीज आणि आसपास पोहणारी माणसं असतील तर मी पैसे इथेच घालीन. आरसीसीबी तरीही दोन्हीकडे हवा, कारण काठापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची केबल उघडीच असते.

आणि ही केबल म्हणजे आपलं खास दुखणं. समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांच्या पातळीला भरलेला नाथसागर उन्हाळ्यात मागे सरकतो, बोट पाण्यामागे जाते आणि केबलला जोड लागत जातात. टेप गुंडाळलेला तो जोड चिखलात किंवा पाण्यातच पडलेला असतो. असा जोड असेल तर वरच्या कुठल्याही पर्यायाची फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच नुसत्या बॅटऱ्या चार्ज करायच्या असतील त्यांना माझा सल्ला वेगळा आहे: २३० व्होल्ट बोटीवर नेऊच नका. चार्जर काठावरच्या शेडमध्ये ठेवा आणि बॅटरी उतरवून तिथे न्या. शंभर अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीसेक किलोची असते, दोन माणसांचं काम. ते नको असेल तर १२ व्होल्टची जाड केबल बोटीपर्यंत ओढा. बारीक तारेचा इथे उपयोग नाही. २० मीटर अंतरावर ४ चौ. मिमी.च्या तांब्याच्या तारेत १० अँपिअरला जाऊन-येऊन पावणेदोन व्होल्ट पडतात, बॅटरी नीट भरत नाही. १६ चौ. मिमी. घेतली तर अर्ध्या व्होल्टच्या आत राहतं.

आधीच जोडणी केलेली असेल तर क्लॅम्प मीटरने (तार न कापता, जबड्यात धरून करंट मोजणाऱ्या) ती तपासता येते. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही तारांसकट अख्खी केबल जबड्यात धरायची. आकडा शून्याजवळ हवा. जेवढा जास्त दिसेल तेवढा करंट केबलऐवजी पाण्यातून परततोय. मिलीअँपिअर दाखवणारं मीटर मागा, वायरमनच्या खिशातल्या साध्या मीटरवर एवढासा करंट दिसत नाही.

आकडा आलाच तर आधी बोटीवरचा इन्व्हर्टर बघा. त्याच्यात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात. काठाची लाईट आली की हा जोड सुटायला हवा. तो सुटला नाही तर काठावरचा आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करतं.